बडबडगीते आणि घर

'बडबडगीत' हा शब्द उच्चारला की आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसांच्या चेहऱ्यावर एक कौतुकाचे, परंतु थोडेसे वरून पाहणारे स्मित उमटते. ज्यात फारसा अर्थ नाही, ज्यात कवित्व नाही आणि ज्याचा कर्ता कोण हे बहुधा कोणाला ठाऊक नाही, असे काहीतरी बाळाला गप्प बसविण्यासाठी किंवा दोन घास भरविण्यासाठी म्हणावयाचे, एवढीच त्याच्याविषयीची आपली समजूत. ही समजूत अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. बडबडगीताने बाळ रडावयाचे थांबते आणि दोन घास अधिक खाते, हा घरोघरचा अनुभव आहे. परंतु तेवढेच काम करावयाचे असेल, तर ते अलीकडे दुसऱ्या एका वस्तूने अधिक सोयीस्करपणे होऊ लागले आहे. हातातला फोन बाळापुढे उभा केला की रंगीत चित्रे नाचू लागतात, गाणी एकामागून एक वाजू लागतात, बाळ आ वासून पाहत राहते आणि घास आत जातो. मग आईने, बापाने किंवा आजीने आपला घसा कशाला कोरडा करावा, हा प्रश्न कित्येक घरांत मोठ्याने नसला तरी मनातल्या मनात विचारला जातो. त्या प्रश्नाचा विचार आपण आज करू.

प्रथम आपल्याकडची जुनी गाणी डोळ्यांपुढे आणा. बाळाच्या तळहातावर मोराला बोलावून, त्याला चारापाणी करून शेवटी उडवून देण्याचे गाणे घ्या. ते म्हणावयाचे तर बाळाचा हात आपल्या हातात असावा लागतो. त्याच्या तळव्यावर आपले बोट टेकावे लागते. आणि मोर उडाला की दोघांचेही हात वर जावे लागतात. एकेका बोटाला नाव देत जाण्याचे गाणे ते बोट चिमटीत धरल्यावाचून म्हणताच येत नाही. पायांवर बसवून झुलविण्याची गाणी, आपडी-थापडीसारखे हात आपटण्याचे आणि कान धरण्याचे खेळ, चिऊच्या नि काऊच्या नावाने भरविण्याचे घास, खिडकीतून दिसणाऱ्या चांदोबाची केलेली विचारपूस, ह्यांपैकी एकही गोष्ट नुसती कानांनी ऐकण्याची नाही. प्रत्येकीत दोन माणसे लागतात आणि त्या दोघांनाही काहीतरी करावयाचे असते. तेव्हा बडबडगीत ही बाळाला ऐकविण्याची वस्तू नसून बाळाबरोबर वाटून घेण्याची गोष्ट आहे. आजच्या माझ्या बोलण्यातला मुख्य मुद्दा हाच. आता तो कशावरून, हे पाहू.

मुलाचा कान त्याच्या जिभेच्या कितीतरी आधी तयार होतो. १९८६ साली अमेरिकेतील अँथनी डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स ह्या दोघांनी एक मोठा गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही गरोदर स्त्रियांनी शेवटच्या सहा आठवड्यांत मुलांसाठी लिहिलेला एकच ठराविक मजकूर रोज मोठ्याने वाचला. मूल जन्मल्यावर त्याच्या तोंडात चोखणी दिली आणि चोखण्याच्या गतीप्रमाणे त्याला कधी तो वाचलेला मजकूर, तर कधी दुसराच एखादा मजकूर ऐकू येईल अशी योजना केली. नुकती जन्मलेली बाळे पोटात असताना ऐकलेला मजकूर पुन्हा ऐकू यावा अशा बेताने चोखीत, असे दिसून आले. त्यातले शब्द त्यांना कळत होते असे नव्हे. त्या शब्दांचा ठेका आणि चढउतार त्यांच्या ओळखीचा झाला होता.

ह्याहूनही आपल्या भाषेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट १९८४ साली उजेडात आली. कॅनडातील जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीज ह्या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' ह्यांसारखे ध्वनी ऐकविले. मोठ्या इंग्रजी माणसाला हा भेद सहसा उमगत नाही. परंतु सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो स्वच्छ कळत होता. तीच परीक्षा दहा ते बारा महिन्यांच्या बाळांची घेतली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांचा तो कान बंद झालेला आढळला. हिंदी घरांतील त्याच वयाच्या बाळांचा मात्र कायम होता. म्हणजे जगातल्या सर्व भाषांना उघडा असलेला कान मूल पहिल्या वर्षाच्या आतच आपल्या घरच्या भाषेला लावून घेते, आणि जे भेद घरात ऐकू येत नाहीत ते हळूहळू सोडून देते.

मराठीकडे पाहिले तर हे कान लावणे किती बारकाईचे काम आहे ते ध्यानात येईल. आपल्याकडे 'त' आणि 'ट' आहेत, 'न' आणि 'ण' आहेत, 'ल' आणि 'ळ' आहेत. शिवाय 'चाक' ह्या शब्दातला 'च' आणि 'चिंच' ह्या शब्दातला 'च' हे उच्चाराने अगदी निराळे आहेत. 'चांदोबा' आणि 'चंद्र' हे एकाच गृहस्थाचे दोन उल्लेख असूनही त्यांचे आरंभीचे 'च' एक नाहीत. लिहिताना आपण दोघांनाही एकच अक्षर वापरतो. त्यामुळे हा भेद पुढे शाळेतल्या पुस्तकातून कळण्यासारखा नसतो. तो कोणाच्या तरी तोंडून कानावर यावा लागतो. आणि बडबडगीतात तो जितक्या ठसठशीतपणे येतो तितका रोजच्या घाईच्या बोलण्यात येत नाही. तिथे शब्द लांबविलेले असतात, तालावर तोडलेले असतात, एकासारखा दुसरा ध्वनी मुद्दाम पाठोपाठ आणलेला असतो आणि तेच ते पुनःपुन्हा म्हटले जाते. जुन्या बायकांनी ध्वनिशास्त्राचा अभ्यास केला नव्हता. परंतु ध्वनिशास्त्राच्या शिक्षकाने आखावा असाच हा पाठ त्यांनी आखून ठेवला.

येथे आपण म्हणाल, की कानावर ध्वनीच पडावयाचे असतील तर ते फोनमधूनही पडतील, आणि तेही शिकलेल्या गायिकेच्या आवाजात. शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तरही प्रयोगानेच मिळालेले आहे. अमेरिकेतील पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ते प्रसिद्ध केले. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना त्यांनी चिनी भाषेचा सहवास घडविला. काही बाळांजवळ चिनी बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसत, त्यांना पुस्तके वाचून दाखवीत आणि खेळण्यांशी खेळवीत. अशा बारा बैठकी झाल्या. दुसऱ्या काही बाळांना त्याच माणसांचे तेच बोलणे पडद्यावर दाखविले, आणि आणखी काहींना ते नुसते ऐकविले. पुढे परीक्षा घेतली तेव्हा प्रत्यक्ष माणसांबरोबर खेळलेली बाळे चिनी ध्वनींतील भेद चिनी भाषेत वाढणाऱ्या बाळांसारखा ओळखू लागली होती. पडद्यावर पाहिलेल्या आणि नुसत्या ऐकलेल्या बाळांना मात्र, चिनी कधीच न ऐकलेल्या बाळांपेक्षा अधिक काही आले नव्हते. आवाज तेच, शब्द तेच आणि वेळही तितकाच. उणे होते ते फक्त समोरचे माणूस.

समोरच्या माणसाने असे काय केले, की जे पडद्याने केले नाही? एका शब्दात सांगावयाचे तर ते थांबले. बाळ ज्या वस्तूकडे पाही तिचे नाव त्याने घेतले. बाळ हसले की तेही हसले. बाळाने तोंड फिरविले की ते क्षणभर गप्प राहिले. आपल्या गाण्यांत ह्या थांबण्याला जणू ठरलेली जागाच करून ठेविलेली आहे. मोर उडण्यापूर्वी आई हटकून थांबते. बोट हवेत राहते, भुवया उंचावतात आणि बाळ तिच्या तोंडाकडे टक लावून पाहते. पहिल्या पाचपन्नास वेळा ती स्वतःच पुढचा शब्द म्हणते. मग एखाद्या दिवशी त्या थांबण्यातच बाळाचे पाय हलू लागतात. म्हणजे पुढे काय येणार हे त्याला कळलेले असते. काही महिन्यांनी ते हात वर करते. पुढे ते 'भुल्ल' असे काहीतरी उद्गारते; आणि दुसऱ्या वर्षाच्या सुमारास सबंध शब्द त्या जागी आणून ठेवते. नीट विचार केला तर हाच संभाषणाचा पहिला धडा आहे. एकाने बोलावे, थांबावे, दुसऱ्याने बोलावे, आणि पहिल्याने त्याचा आनंद मानावा, हा शिष्टाचार मूल शब्द येण्यापूर्वी शिकते, आणि तो ह्या रिकाम्या जागेत शिकते. यंत्र थांबत नाही. बाळ हसले काय, रडले काय किंवा झोपी गेले काय, त्याचे गाणे पुढे चालूच राहते.

ह्यावरून पडदा म्हणजे केवळ विष, असाही निष्कर्ष काढू नये. पुष्कळ मराठी घरांत आज आजीआजोबा पुण्यास किंवा नागपुरास आणि नातवंड लंडनला किंवा न्यू जर्सीत, अशी स्थिती आहे, आणि दोघांची भेट पडद्यावरच होते. २०१४ साली सारा रोझबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते अडीच वर्षांच्या मुलांचा ह्या दृष्टीने अभ्यास प्रसिद्ध केला. आधी चित्रित करून ठेवलेल्या बोलण्यातून मुलांना नवी क्रियापदे शिकता आली नाहीत. परंतु पडद्यावरचे माणूस प्रत्यक्ष त्या वेळी बोलत असले, मुलाच्या उत्तरासाठी थांबत असले, तर ती शिकता आली. तेव्हा दूरदेशीच्या नातवाला आजीने गाणे म्हणून दाखविण्यास काहीच हरकत नाही. फक्त ते ध्वनिमुद्रित करून पाठविण्यापेक्षा समोरासमोर म्हणावे, मोराच्या वेळी थांबावे, आणि तिकडे बाळाचा तळहात धरण्यासाठी आईने किंवा बापाने जवळ बसावे. अगदी लहान वयात नुसते पडद्यापुढे बसविण्याविषयी मात्र सल्ला स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे एक वर्षाच्या आतील मुलांना पडद्यापुढे मुळीच बसवू नये, आणि दोन वर्षांच्या मुलांनाही दिवसातून एका तासाहून अधिक बसवू नये, कमी बसविले तर अधिक चांगले.

आता ह्या गीतांतील निरर्थकतेविषयी दोन शब्द. कित्येक सुशिक्षित पालकांना ती सलते. मुलाला काही शिकवावयाचेच तर उपदेशाचे किंवा माहितीचे पद्य शिकवावे. पावसाला पैसा देऊ करून तो खोटा निघाल्याचे सांगणारे गाणे कशाला, असे त्यांना वाटते. मुलांच्या बोलण्याचा आयुष्यभर वेध घेणारे रशियन लेखक कोर्नेय चुकोव्स्की ह्यांनी आपल्या 'दोन ते पाच' ह्या अर्थाच्या नावाच्या प्रसिद्ध ग्रंथात ह्या आक्षेपाला उत्तर दिले आहे. मूल उलटसुलट गोष्टींना हसते ते त्याला सुलट काय हे नुकतेच कळलेले असते म्हणून, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ आहे. कुत्रा भुंकतो हे ज्याला पक्के ठाऊक नाही, त्याला म्याँव करणाऱ्या कुत्र्याचे हसू येणार नाही. म्हणजे मूल हसते तेव्हा ते आपल्या नव्या ज्ञानाचीच मजा घेत असते. आपल्या भाषेत तर ह्या खेळाला मोठीच मुभा आहे. पाणीबिणी, चहाबिहा असे जोडशब्द आपण मोठी माणसेही बोलतो. शब्दाचे पहिले अक्षर काढून तेथे दुसरे बसविता येते आणि तरीही त्याची ओळख पटते, हे ज्ञान लहान नव्हे. पुढे विंदा करंदीकरांसारख्या श्रेष्ठ कवीने मुलांसाठी लिहिताना ह्या गमतीचा मान राखला. त्यांचा 'राणीची बाग' हा १९६१ सालचा बालकवितांचा संग्रह चार-पाच वर्षांच्या मुलाबरोबर मोठ्याने वाचून पाहावा, म्हणजे अर्थ आणि गंमत ह्यांचे वैर नाही हे पटेल.

ह्या शब्दखेळाचा वाचनाशीही संबंध आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे पीटर ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४ मुलांचा काही वर्षे मागोवा घेऊन १९८९ साली आपले निष्कर्ष मांडले. सव्वातीन वर्षांच्या सुमारास ज्या मुलांना बालगीते अधिक येत होती, ती पुढे यमके आणि ध्वनी ओळखण्यात पुढे राहिली आणि वाचावयासही अधिक चांगली शिकली. घरची स्थिती आणि मुलाची बुद्धी हे दोन्ही हिशेबात घेऊनही हा संबंध उरला. ही मुले इंग्रजी होती, आणि इंग्रजीचे लेखन आपल्या लेखनाहून भिन्न आहे. म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा मराठीला लावणे योग्य होणार नाही. परंतु एवढे कोणालाही दिसेल, की टाळीच्या ठेक्यावर शब्दाचे तुकडे पाडणारे मूल 'क-म-ळ' हे तीन ठोके कानाने वेगळे करीत असते, आणि आपली देवनागरी लिपी अक्षरागणिक लिहिलेली असल्यामुळे पाटीवर त्याला पुढे जी तीन अक्षरे भेटतात ती त्याच्या टाळीला पूर्वीच भेटलेली असतात. मात्र एक पथ्य पाळावे. वाचन लवकर यावे म्हणून गाणी म्हणू नयेत. तसे केले की गाण्याचा वर्ग होतो, थांबण्याच्या जागी प्रश्न येतो आणि मूल पळून जाते.

मग घरी हे कसे करावे? वेगळा वेळ काढण्याची मुळीच गरज नाही. बाळाला न्हाऊ घालणे, अंग पुसणे, झबले चढविणे, जेवू घालणे, जिना उतरणे, हे दिवसातून ठरलेल्या वेळी करावयाचेच असते. त्या प्रत्येक कामाला एकेक गाणे बांधून टाकावे आणि ते रोज तेच ठेवावे. मोठ्या माणसाला तेच ते म्हणण्याचा कंटाळा येतो. बाळाला मात्र त्याची गोडी लागते, कारण पुढचे ओळखता येण्यातच त्याचा पराक्रम असतो. पहिल्या सहा महिन्यांत संथ अंगाईचे सूर आणि चेहऱ्यासमोर चेहरा पुरे. सहा महिन्यांनंतर बोटांची, तळव्यांची आणि मांडीवर झुलविण्याची गाणी घ्यावीत. वर्षाच्या पुढे शेवटचा शब्द मुलासाठी सोडावा आणि मनात चार अंक मोजावेत. आपल्याला ते चार अंक फार लांब वाटतात, परंतु मुलाला तेवढा अवधी लागतो. मुलाने वेडावाकडा शब्द आणला तर तो दुरुस्त करू नये. आनंदाने स्वीकारावा आणि पुढच्या खेपेस आपण तो शुद्ध म्हणावा. तीन वर्षांच्या पुढे मूल स्वतःच गाण्यात खोडी काढू लागते, मोराच्या जागी हत्ती बसविते. त्या वेळी हत्तीच उडवावा.

जुनी गाणी आठवत नसतील तर नवी रचण्यासही भिऊ नये. ती कोठे छापावयाची नाहीत. समजा, न्हाणीघरात लाल बादली आणि निळा तांब्या आहे. तर

लाल लाल बादली, निळा निळा तांब्या,
पाणी आले कोमट, थांब जरा थांब्या!

एवढेही चालते. 'थांब्या' असा शब्द नाही हे आपल्याला ठाऊक आहे, आणि लवकरच मुलालाही कळेल; म्हणूनच ते हसेल. पाणी ओतण्यापूर्वी 'थांब' पाशी थांबावे, आणि शेवटचा शब्द त्याने म्हटला की तांब्या उपडा करावा. आठ दिवसांत ते गाणे तुमच्या घराच्या मालकीचे होईल.

कित्येक आया आणि त्याहून अधिक बाप म्हणतात, की आम्हांला गळा नाही. हा संकोच सोडावा. कॅनडातील लॉरेल ट्रेनर ह्या संशोधिकेने मातांना तेच गाणे एकदा बाळासमोर आणि एकदा बाळाच्या अनुपस्थितीत म्हणावयास लावून ते ध्वनिमुद्रित केले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात बाळांनी बाळासमोर म्हटलेल्या गाण्याकडे अधिक काळ लक्ष दिले. गाणे तेच, गळाही तोच. बाळासाठी म्हटले गेल्याने त्यात जे आले, ते बाळांना हवे होते. त्यामुळे बेसूर बापाला भीतीचे कारण नाही. बापाने हे काम अवश्य अंगावर घ्यावे. एकत्र कुटुंबात बाळाच्या मांडीपाशी आजी, आत्या, काकू अशा अनेक जणी असत आणि गाणी आपोआप एकीकडून दुसरीकडे जात. आज शहरातल्या दोन खोल्यांत आईबाप आणि मूल एवढीच मंडळी असतात. त्यांपैकी एकाने मौन धरले तर गाण्याचा निम्मा वारसा तेथेच संपतो.

इंग्रजी गाण्यांचा प्रश्नही सहज उद्भवतो. मूल इंग्रजी शाळेत जाणार, मग त्याला लुकलुकणाऱ्या ताऱ्याचे इंग्रजी गाणेच आधी का शिकवू नये? ते जरूर शिकवावे. जेन टेलर ह्या कवयित्रीची ती कविता १८०६ सालच्या एका पुस्तकात प्रसिद्ध झाली, आणि दोन शतके ती मुलांच्या ओठी आहे. तिच्याशी आपले भांडण असण्याचे कारण नाही. परंतु आपल्या घरांत बहुधा असे घडते, की इंग्रजी गाणे पडद्यावरून येते किंवा शाळेतून येते, त्याबरोबरचे हावभाव ठराविक असतात, आणि आईबापांना ते बालपणापासून अंगवळणी पडलेले नसल्यामुळे त्यात थांबावे कोठे, खोडी काढावी कोठे, हे सुचत नाही. ज्या भाषेत आपण रागावतो, हसतो आणि लाड करतो, तिच्यात आपण मुलासाठी अधिक मोकळे होतो. घराची ती भाषा कोकणी असो, गुजराती असो की मराठी, पहिली गाणी तिच्यात असावीत, एवढेच माझे म्हणणे आहे. दुसरी भाषा मागाहून सुखाने येते.

दुसरे काही लोक म्हणतील, की हे काम बालवाडी करीतच आहे. ताराबाई मोडक ह्यांनी अनुताई वाघ ह्यांच्या साहाय्याने १९४५ साली बोर्डी येथे बालवाडीचे कार्य सुरू केले, आणि लहान मुलाचे शिक्षण त्याच्या परिसरातल्या वस्तूंतून, खेळांतून नि गाण्यांतून व्हावे ही दृष्टी महाराष्ट्रात रुजली. ते ऋण मोठे आहे. परंतु बालवाडीतले गाणे पंचवीस मुलांचे असते. तेथे मूल समूहाबरोबर ताल धरावयास शिकते. हेही त्याला हवे असते. मात्र एका मुलाच्या पायांच्या हालचालीसाठी थांबणे शिक्षिकेला शक्य नसते, आणि बालवाडी सुरू होते तोपर्यंत कानाची ती पहिली महत्त्वाची वर्षे घरीच गेलेली असतात.

गाणी निवडताना थोडा विवेक ठेवावा. बागुलबुवाची भीती घालणारी, काळ्या रंगाला किंवा कोणाच्या जातीला आणि व्यंगाला हिणवणारी काही पद्ये जुन्या ठेव्यात आहेत. तोंडी चालत आलेली गाणी प्रत्येक पिढीने बदलली आहेत. आपणही तो शब्द बदलावा, त्यात परंपरेचा अपमान नाही. आणि आणखी एक विनंती. पाहुणे आले की मुलाला दिवाणखान्याच्या मध्यभागी उभे करून 'म्हणून दाखव पाहू' असा जो आग्रह आपण धरतो, तो सोडून द्यावा. मूल पायाच्या अंगठ्याने फरशी उकरीत उभे राहते, आई लाजते, पाहुणे उगाच कौतुक करतात. जी गोष्ट दोघांची होती तिचे आपण एकट्याचे प्रदर्शन केलेले असते. तशीच हौस असेल तर मुलाबरोबर आपणही फरशीवर बसून म्हणावे. मग ते आपली जागा आपण होऊन भरील.

आरंभी आपण विचारले होते, की फोन हे काम करीत असता माणसाने घसा का कोरडा करावा. घास भरविण्यापुरते ते काम फोन करील हे खरे. परंतु आपल्या हालचालीने दुसऱ्याचे गाणे थांबते आणि आपल्या बोबड्या शब्दाने ते पुढे सरकते, हा अनुभव त्याच्याकडून मिळावयाचा नाही. आपले म्हणणे ऐकण्यासाठी कोणीतरी थांबते, हे मुलाला ह्या जगात प्रथम कोठेतरी कळावे लागते. ते तळहातावरच्या मोराने कळते, आणि त्याला दिवसातली पाच मिनिटे पुरतात. आज संध्याकाळी बाळाचे पाय पुसताना किंवा त्याला भरविताना आपल्या आईचे एखादे गाणे आठवून पाहा. ते अर्धेच आठवले तरी चालेल. उरलेले दोघे मिळून करा.